कुर्ल्याच्या विसरलेल्या गाड्या

जुन्या वस्तूंविषयीची माया मोठी पक्षपाती असते. आजोबांचे पानाचे तबक घरोघर जपून ठेवलेले आढळते. त्यांच्या पायातल्या वहाणा कोणी जपल्याचे ऐकिवात नाही. मोटारगाड्यांचेही तसेच आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीने निरोप घेतला, तेव्हा वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. तिची छायाचित्रे आली, ती ज्या चित्रपटांत धावली त्यांच्या आठवणी निघाल्या. पद्मिनीला तिचा मान मिळाला याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु तिच्या आधी दोनएक वर्षे, तिच्याच साच्यातून, तिच्याच पत्र्याची आणि तिच्याच इंजिनाची ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ नावाची गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडत होती. तिच्यासाठी कोणी हळहळल्याचे आमच्या पाहण्यात आले नाही.

ही गाडी, आणि १९७० ते १९७५ या काळातल्या तिच्यासारख्या इतर नजरेआड झालेल्या गाड्या, हा या व्याख्यानाचा विषय आहे. कामगार संघटनेचा माणूस मोटारींविषयी काय बोलणार, अशी शंका कोणास येणे साहजिक आहे. आम्ही आयुष्यात मोटार विकत घेतलेली नाही. पण मोटारी आणि त्यांचे भाग घडविणाऱ्या माणसांत सातपूर-अंबडच्या फाटकांबाहेर आमची तीस वर्षे गेली. तेव्हा गाडीकडे आम्ही पाहतो ते तिच्या पोटाकडून, जिथे बोल्ट आवळलेले असतात तिथून.

या देशात मोटारीचा कारखाना निघावा ही कल्पना कागदावर नीट मांडली ती मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी. नाशिककरांना हे नाव परके नसावे. पुण्यात अभियांत्रिकीची पदवी घेऊन १८८४ साली ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात दाखल झाले, तेव्हा त्यांची पहिली नेमणूक नाशिकलाच झाली होती. पुढे पंचाहत्तरीच्या वयात ते युरोप-अमेरिकेतील कारखाने हिंडून पाहून आले आणि मुंबईत मोटारी बनविण्याची योजना त्यांनी तयार केली. तिचा विडा उचलला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. वालचंदांना आपल्या जिल्ह्यातील पोरेटोरेही नकळत ओळखत आली, ती मालेगाव तालुक्यातील रावळगावच्या गोळ्यांमुळे. बंगळूरला विमानांचा कारखाना काढण्यात पुढाकार त्यांचाच. आपला ओझरचा कारखाना त्याच वंशातला. इंग्रज सरकारने मोटारीच्या योजनेला युद्धकाळात हात दिला नाही. तरी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार झाला आणि स्वातंत्र्याच्याच वर्षी, १९४७ साली, कुर्ल्याच्या शेडमधून गाड्या बाहेर पडू लागल्या.

त्या गाड्या म्हणजे डॉज, प्लिमथ आणि डिसोटो. नावे तीन, पण अंगाने बहुतेक एकच. पुढची जाळी आणि बिल्ला बदलला की नाव बदलले. सहा सिलिंडरचे इंजिन, व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला बसविलेले, त्यामुळे वरचे हेड म्हणजे नुसते जाड झाकण. ते खोलून काजळी खरवडावी, रिंगा बदलाव्यात, पुन्हा बसवावे आणि गाडी चालू करावी. ज्याला विहिरीवरचे ऑइल इंजिन खोलता येत होते, त्याला डॉजचे भय वाटण्याचे कारण नव्हते. मुंबईत टॅक्सीचे दोन वर्ग पडले होते, बडी टॅक्सी आणि छोटी टॅक्सी. बडी ती अमेरिकन. मागच्या बाकावर चौघे बसले तरी कोणाचे धोतर कोणाच्या खाली जात नसे.

१९५३ साली जकात आयोगाने सांगितले की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांनी येथे राहू नये, जे भाग येथेच बनवतील त्यांनीच राहावे. शिवडीला १९२८ पासून जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्सने आणि पाठोपाठ फोर्डने गाशा गुंडाळला. कुर्ल्याचा कारखाना टिकला. त्याने १९५१ साली इटलीच्या फियाटशीही संबंध जोडला होता आणि १९५४ पासून ११०० ही लहान गाडी काढली. अमेरिकन मोटार हळूहळू मागे पडली. मालमोटारींवर मात्र डॉज आणि फार्गो ही नावे पुढेही बराच काळ दिसत राहिली.

आता थोडे डॉजच्या माहेरी जाऊ. कुर्ल्यात जेव्हा चिमुकली फियाट बनत होती, तेव्हा अमेरिकेतील डेट्रॉइट शहराला लागून असलेल्या हॅमट्रॅमक गावी, ‘डॉज मेन’ या जुन्या अवाढव्य कारखान्यात, १९७० सालच्या चॅलेंजर आणि बॅराकुडा या गाड्या तयार होत होत्या. त्या जातीच्या गाड्यांना तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. आपण त्यांना पैलवान गाड्या म्हणू. युक्ती साधी होती. मध्यम किंवा लहान अंगाच्या गाडीत मोठ्या गाडीचे इंजिन बसवावयाचे. १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओपासून ही लाट आली असे मानतात. या पैलवानांतही जुन्या आठवणींचा पक्षपात दिसतो. १९७१ सालची एक उघड्या टपाची हेमी बॅराकुडा २०१४ साली लिलावात ३५ लाख डॉलरांना गेली. पण त्याच कंपनीची प्लिमथ डस्टर ३४०, जी कारखान्यातल्या तरुण कामगाराच्या खिशाला परवडत होती, तिचे नाव मागे राहिले. तिचे इंजिन साडेपाच लिटरांच्या वर, म्हणजे आपल्या १,०८९ घनसेंटिमीटरच्या फियाटसारखी पाच इंजिने एकत्र केल्याएवढे. केनोशा गावच्या अमेरिकन मोटर्स या धाकट्या कंपनीची हॉर्नेट एससी ३६० ही १९७१ सालची गाडी तर जेमतेम ७८४ बनली आणि विस्मृतीत गेली. १९७२ नंतरच्या गाड्यांकडे शौकीन लोक नाक मुरडूनच पाहतात. कारण काय, तर कागदावरची अश्वशक्ती घटली. त्यात निम्मा भाग हिशेबाचा होता. १९७२ पासून इंजिन उघडे न मोजता सर्व जोडण्यांसह मोजू लागले, त्यामुळे तेच इंजिन एका वर्षात कागदावर दुबळे झाले. उरलेला भाग हवा स्वच्छ राखण्याच्या १९७० च्या कायद्याचा, विमा कंपन्यांच्या वाढत्या हप्त्यांचा आणि अखेरीस १९७३ च्या ऑक्टोबरातील तेलबंदीचा.

शौकिनांच्या पुस्तकांत एवढे सगळे असते. नसते ते असे की, १९६८ च्या मे महिन्यात त्याच डॉज मेनमध्ये लाइनचा वेग वाढविला म्हणून कामगार संघटनेची परवानगी न घेता काम सोडून बाहेर पडले. घाणीचे आणि जोखमीचे काम कृष्णवर्णीयांच्या वाट्याला, मुकादमी गोऱ्यांकडे. त्यातूनच कृष्णवर्णीय कामगारांची एक स्वतंत्र लढाऊ संघटना तेथे उभी राहिली. १९७२ च्या मार्चात ओहायो राज्यातील लॉर्डस्टाउनला जनरल मोटर्सच्या कारखान्यात संप झाला. तेथे तासाला शंभर गाड्यांची लाइन होती. एका माणसाच्या वाट्याला एका गाडीसाठी ३६ सेकंद येत. ३६ सेकंदांत आपल्याकडे तंबाखूला चुना लागत नाही. संप करणारी पोरे पंचविशीतली होती आणि त्यांची तक्रार पगाराची नव्हती, वेगाची होती. गाडीच्या वेगाचे कौतुक करणाऱ्यांना तिच्या जन्माचा हा वेग ठाऊक नसतो.

हे सर्व आपल्याकडे कशाला आणावे? कारण नेमक्या त्याच वर्षांत कुर्ल्यात हाच प्रश्न वेगळ्या वेषात आला होता, आणि तो थेट दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

त्या वेळची परिस्थिती डोळ्यांपुढे आणावी. देशाची लोकसंख्या ५५ कोटींच्या घरात आणि तीन कारखान्यांतून वर्षाला निघणाऱ्या मोटारी चाळीस हजारांच्या आतबाहेर. उत्तरपाड्याची अँबॅसडर, मद्रासची स्टँडर्ड आणि कुर्ल्याची फियाट. फियाटसाठी नाव नोंदवून माणसे वर्षानुवर्षे वाट पाहत. मुलीच्या जन्माच्या वेळी नोंदविलेली गाडी तिच्या लग्नात आली, असा विनोद तेव्हा चाले आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. मालाचा तुटवडा, म्हणून सप्टेंबर १९६९ मध्ये केंद्र सरकारने मोटारींच्या किमती ठरवून दिल्या. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. चौकशी आयोग नेमला गेला. पत्र्याचा भाव किती, मजुरी किती, घसारा किती, भांडवलावर वाजवी परतावा किती, याचा कीस निघाला. त्या प्रकरणाचा निकाल १९७२ च्या कायदेवृत्तांतात छापलेला आहे. मोटारीची वाजवी किंमत काय, या प्रश्नावर देशातील सर्वांत मोठ्या न्यायालयाने इतकी पाने खर्च केली, त्याच साली महाराष्ट्रात दुष्काळ पडला होता. कुर्ल्याच्या कामगारांचे भाऊबंद गावाकडे दुष्काळी कामांवर खडी फोडत होते. ही गोष्ट निकालात असण्याचे काही कारण नाही. आम्ही ती येथे शेजारी ठेवतो इतकेच.

दुसरे प्रकरण त्याच कंपनीचे. तिच्या मोटार-उत्पादन विभागात प्रोत्साहन योजना होती. ठरल्यापेक्षा जास्त काम निघाले तर जास्त पैसे. या योजनेसंबंधी जानेवारी १९७१ मध्ये कंपनीने एका संघटनेशी करार केला. दुसऱ्या संघटनेचे, म्हणजे इंजिनिअरिंग मजदूर सभेचे, सभासद म्हणाले की हा करार आम्हांस बंधनकारक नाही. आमच्याशी आधी जे ठरले आहे ते आमच्या माघारी मोडता येणार नाही. त्यांनी मुंबईच्या नगर दिवाणी न्यायालयात दावा लावला. वाद वर गेला आणि ऑगस्ट १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. प्रकरणाचे नाव ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध कमलाकर शांताराम वाडके’. कामगार कायद्याचा एकही विद्यार्थी या नावाला ओलांडून पुढे गेलेला नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने जो हक्क निर्माण केला, त्याची दाद त्याच कायद्याच्या मार्गाने मागावी, दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या चढू नयेत, असे न्यायालयाने सांगितले. निकाल कंपनीच्या बाजूने गेला.

या निकालाशी आमची ओळख झाली ती मोठ्या अवघड प्रसंगी. एका कारखान्यातील बदल्यांच्या वादात समोरच्या वकिलांनी तो आमच्यापुढे टाकला. शाळेने आमची सोबत लवकर सोडलेली. आम्ही शब्दकोश मांडीवर घेऊन चार रात्री तो वाचला. कायद्याचे कलम समजले. पण त्याहून मनात राहिला तो विभाग. त्या विभागातील माणसे १९७१ ते १९७५ या वर्षांत न्यायालयात भांडत होती आणि दिवसा मोटारी बनवीत होती. कोणत्या? फियाट डिलाइट, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी! न्यायालयापुढे एकदा प्रश्न आला की मोटारीची किंमत किती, आणि दुसऱ्यांदा, जरा आडून, की मोटार बनविणाऱ्याच्या एका दिवसाचे काम किती आणि ते कोणाशी बोलून ठरवावयाचे. पहिल्या प्रश्नाची चर्चा त्या काळच्या मध्यमवर्गात घरोघर झाली. दुसरी झाली ती फाटकावर.

प्रेसिडेंट हे नाव आले ते इटलीच्या कंपनीशी असलेला परवान्याचा करार संपल्यावर. फियाट हे नाव वापरता येईना, म्हणून १९७२ च्या सुमारास गाडीला नवे नाव मिळाले. १९७४ साली तेही उतरले आणि चितोडच्या राणीचे पद्मिनी हे नाव आले. लोकांनी या नामकरणांची काही दाद घेतली नाही. कारखाना बंद पडेपर्यंत आणि नंतरही ते तिला फियाटच म्हणत. लाइनवरच्या माणसाला नावाचा फरक एवढाच, की बिल्ल्यासाठी पाडलेली भोके वेगळी. दांडा तोच स्टिअरिंगजवळचा, चार गिअरचा. कुर्ल्यातून निवृत्त होऊन निफाडकडे परतलेले एक वृद्ध कामगार आम्हांस भेटले होते. दार लागल्याच्या आवाजावरून ते गाडीचा पत्रा कारखान्याचा की नंतर बाजारातून घालून घेतलेला, हे सांगत. प्रेसिडेंट कोणती आणि पद्मिनी कोणती हे मात्र त्यांना आवाजावरून सांगता येत नसे, आणि तसा प्रश्न विचारणाऱ्याची त्यांना गंमत वाटे.

मग १९७३ चे तेलसंकट आले. पेट्रोलचे दर असे चढले की नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी आणि त्यांचे सहकारी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. कालपर्यंत ज्या गाडीसाठी रांग होती तिची मागणी एकाएकी ओसरली. जुन्या अमेरिकन डॉज-प्लिमथ गाड्यांना तर हा शेवटचा तडाखा. श्रीमंतांनी त्या उभ्या करून ठेवल्या. टॅक्सीवाल्यांनी आणि मिस्त्रींनी मात्र त्यांना मरू दिले नाही. सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन काढून त्या जागी डिझेल इंजिन बसविण्याची विद्या गावोगावच्या गॅरेजांत वाढली. पाया नवा ओतावा लागे, गिअरपेटीचे तोंड जुळवावे लागे, इंजिन थरथरले की सगळे अंग थरथरे. अमेरिकेत लहान गाडीत मोठे इंजिन घालणाऱ्याला कल्पक म्हणतात. आपल्या मिस्त्रीने मोठ्या गाडीत काटकसरी इंजिन घातले त्याला जुगाड म्हणतात. आमच्या मते दुसरे काम अधिक अवघड, कारण त्याच्याजवळ नकाशा नव्हता. आज जुन्या गाड्यांचे शौकीन अशी डिझेल डॉज हाती आली की प्रथम ते इंजिन काढून फेकतात आणि गाडी ‘मूळ रूपात’ आणतात. त्या गाडीच्या आयुष्यातील सर्वांत कष्टाची वर्षे त्यासोबत भंगारात जातात.

अशा उपेक्षित गाड्या आणखीही आहेत. मद्रासच्या स्टँडर्डने हेराल्ड गाडीचा मागचा नाजूक सांगाडा आपल्या रस्त्यांवर टिकत नाही हे ओळखून सरळ अखंड आस बसवला आणि गॅझेल नावाची गाडी काढली. सत्तरीच्या दशकातच तीही बंद झाली. आणि आपल्या इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी! १९४९ पासून हा गृहस्थ ‘मीरा’ नावाची छोटी मोटार स्वतःच्या हिमतीने बनवीत होता. एकामागून एक सुधारलेले नमुने त्याने सत्तरीच्या दशकापर्यंत तयार केले. सामान्य माणसाची गाडी म्हणून दिल्लीत ज्या काळी मोठ्या योजना चालल्या होत्या, त्या काळी इचलकरंजीत ती गाडी चालत होती. कारखान्यातून हजारांनी बाहेर पडण्याचा योग तिला आला नाही.

नाशिकचा या कुळाशी थेट संबंधही आहे. ज्या अमेरिकन मोटर्सची हॉर्नेट विसरली गेली, त्याच कंपनीने १९७० साली जीप बनविणारा कैसर कारखाना विकत घेतला. महिंद्रांनी मुंबईत १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून जीप जोडावयास घेतली होती. पुढे त्यांचा कारखाना सातपूरला आला आणि नाशिकच्या निदान दोन पिढ्यांनी त्यावर संसार उभे केले. १९८७ साली क्रायस्लरने अमेरिकन मोटर्स गिळली. म्हणजे कुर्ल्याची डॉज आणि नाशिकची जीप या अखेरीस एकाच घरच्या नाती ठरल्या. आमच्या फाटकसभांत हे सांगितले की तरुण पोरे हसतात. पण एखादा मागे थांबून पुन्हा विचारतो.

हॅमट्रॅमकचा डॉज मेन जानेवारी १९८० मध्ये बंद झाला आणि पाडला गेला. केनोशाला मोटारी जुळविण्याचे काम १९८८ साली थांबले. कुर्ल्यात पद्मिनी २००० सालानंतर फार काळ निघाली नाही. तिकडे आता उंच इमारती आहेत. या तिन्ही ठिकाणच्या गाड्या संग्रहालयांत आणि शौकिनांच्या छपरांखाली सापडतात. त्या ज्यांनी बनविल्या त्यांच्यापैकी कुर्ल्याच्या एका कामगाराचे नाव गेली पन्नास वर्षे देशभरच्या न्यायालयांत रोज उच्चारले जात होते, हे भाग्य फारच थोड्यांच्या वाट्याला आले. ते हरलेल्या बाजूचे नाव होते, तरी होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. जुने दावे चालू आहेत तोवर वकील ‘वाडके प्रकरण’ म्हणत राहतील. आम्ही आमच्या कार्यालयातील निकालाची प्रत पुठ्ठ्यात बांधून घेतली आहे आणि तिच्या पहिल्या पानावर शाईने लिहून ठेवले आहे: मोटार-उत्पादन विभाग, कुर्ला, या विभागात प्रेसिडेंट गाडी बनत असे.